बर्फावरचा निळा झगा

माप घेताना जी बाई श्वास आत ओढून धरते, तिच्याशी माझं कधी जमलं नाही. पोट आत, मान ताठ, जणू फोटोच काढायचाय. आणि ब्लाउज शिवून झाला की माझ्याच नावानं बोंब, की काखेत काचतो म्हणून. कुवेतच्या मिरकाब भागातल्या आमच्या जुन्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत मी कित्येक वर्षं ब्लाउज शिवते, साड्यांना फॉल-पिको करते. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त वेळा मी काय बोलले असेन, तर 'बाई, हलू नका.' अशा माझ्या नशिबात एक गिऱ्हाईक असं आलं, की तिला मलाच सांगावं लागलं, 'हल. अजून हल. पाय डोक्याला लाव बघू.'

ती बल्गेरियाची होती. बर्फावर स्केटिंग करायची, म्हणजे हौसेनं नव्हे, स्पर्धेतलं. तिची माझी ओळख झाली ती माझ्या मुलीमुळे. कुवेतच्या उन्हाळ्यात पोरांना न्यायचं कुठे हा प्रत्येक आईला पडणारा प्रश्न. बाहेर पाऊल टाकलं की चप्पल डांबराला चिकटते. मग आम्ही सगळ्या आया आपापली पोरं घेऊन मॉलमध्ये जातो. तिथल्या आइस रिंकवर ही बाई मुलांना शिकवायची. बाहेर पन्नास अंश आणि आत बाकावर आम्ही आया शाली पांघरून बसलेल्या. गावी फोनवर हे सांगितलं तर माझ्या भावाला ती थापच वाटली.

तिचं वय तिशीच्या आसपास. हडकुळी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि आवाज असा की रिंकच्या त्या टोकाला पडलेलं पोर या टोकाच्या ओरडण्यानं उठून उभं राहायचं. 'खलास? पडलीस? यल्ला, ऊठ!' एवढंच. हात द्यायला कधी जायची नाही. पहिल्या दिवशी मला तिचा राग आला. माझी मुलगी बर्फावर फतकल मारून बसलेली आणि ही बाई लांबून टाळ्या वाजवतेय! मी तावातावानं कठड्यापाशी गेले. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, 'मी उठवलं तर ती पडायला घाबरेल. स्वतः उठली तर घाबरणार नाही.' आमचं संभाषण म्हणजे मोडकं इंग्रजी, त्यात माझं हिंदी आणि तिनं कुवेतमध्ये उचललेले चार अरबी शब्द. इथे मी ते सरळ मराठीत लिहितेय, नाहीतर वाचणाऱ्याला घेरी येईल.

मुलीनं तिला मला 'मावशी' म्हणायला शिकवलं. तिच्या तोंडात त्याचं 'मौशी' झालं आणि तसंच राहिलं.

शिकवणी संपली की ती बाकावर माझ्या शेजारी बसून बूट सोडायची, आणि बूट सोडता सोडता आपली कहाणी थोडी थोडी सांगायची. सोफियामध्ये चार वर्षांची असताना ती बर्फावर उतरली. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईवर. पहिले बूट कुणाचे तरी वापरलेले, पुढे कागद कोंबून बसवलेले. चांगल्या वेळा हॉकीवाल्यांना मिळायच्या म्हणून ही पहाटे अंधारात सरावाला जायची आणि तिथूनच शाळेत. देशात थंडी रग्गड, पण छपराखालचा बर्फ मोजकाच. स्पर्धांमध्ये ती तेरावी यायची, सतरावी यायची. एकदा लहान गटात परदेशात पाचवी आली, तेव्हा आईनं पडद्याच्या कापडातून शिवलेला पिवळा झगा अंगात होता. त्या पाचव्या नंबराबद्दल ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला पहिला नंबर म्हणजे काहीतरी हलकी गोष्ट वाटावी.

मग घोटा दुखावला, बरा झाला, पुन्हा दुखावला. आणि मग ती शेवटची स्पर्धा. तिच्याच देशातली, तिच्याच गावातली, आई प्रेक्षकांत बसलेली. दुसऱ्याच उडीला ती पडली. उठली, उभी राहिली, आणि पुढचं काही करायच्या ऐवजी सरळ कठड्याकडे जाऊन दारातून बाहेर पडली.

'पाय?' मी विचारलं.

'पाय ठीक होता,' ती म्हणाली. 'मीच गेले. माझं संगीत अजून वाजत होतं, मौशी. रिकाम्या बर्फावर. मी आत खोलीत बसून ऐकत होते.'

त्यानंतर ती कुवेतला नोकरीला आली, आणि सगळे धरून चालले की झालं हिचं आता.

एका दिवाळीच्या सुमारास ती बूट न सोडताच माझ्याजवळ येऊन बसली. हिवाळ्यात तिच्या देशातली स्पर्धा होती आणि तिनं नाव दिलं होतं. महिनोन्महिने मॉल उघडायच्या आधी एकटी सराव करत होती, आम्हाला पत्ता नव्हता. 'नंबर नको,' ती म्हणाली. 'तेरावी, तिसावी, काही चालेल. चार मिनिटांचं संगीत आहे. ते संपेल तेव्हा मला बर्फावर असायचंय. मग खलास. मग मी सोडते.'

'मग छानच की,' मी म्हटलं.

'झगा तू शिव.'

मी हसायलाच लागले. अगं, मी ब्लाउज शिवणारी बाई! पण तिचं म्हणणं सरळ होतं. आजवरचे सगळे झगे आईनं शिवले. आता आईच्या बोटांना गाठी आल्यात, सुई धरवत नाही. आणि अनोळखी बाईच्या हातचा कपडा घालून ती कधी बर्फावर उतरलेली नाही. कुवेतमध्ये तिच्या ओळखीत शिवणारी मी एकटी. तिनं शेजारी पडलेलं माझ्या मुलीचं जाकीट उचललं, जे मी शिवलं होतं, ते उलटं केलं, आतली शिलाई अंगठ्यानं दाबून बघितली आणि म्हणाली, 'चालेल.' त्या 'चालेल'नं मी फुगले, हे कबूल करायला हरकत नाही.

कापड आणायला आम्ही कुवेत सिटीतल्या जुन्या बाजारात गेलो. दुकानदार चाचा श्रीवर्धनकडचे, माझे जुने ओळखीचे. त्यांनी लायक्राचे तागे काढले. ही बाई प्रत्येक कापड दोन्ही हातांनी ताणून बघे, मग गुडघ्यावर लपेटून उठाबशा काढे. दुकानातली गिऱ्हाइकं भाव करायचं विसरली. शेवटी चाचा मला हळूच म्हणाले, 'वहिनी, ही बाई कापड घेतेय का कसरत करतेय?' आम्ही गडद निळं घेतलं, वर लावायला त्याच रंगाची नेट आणि चमकणारे खडे.

पहिला झगा मी शिवला तो ब्लाउजसारखा. टक्स घेऊन, कंबरेत बेतून, आरशासमोर उभी राहिली तर दृष्ट लागेल असा. ती म्हणाली, 'सुंदर.' मग तिनं हात वर केले आणि अख्खा झगा वर सरकला. वाकली, तर पाठीवर टरकन आवाज आला. जन्मभर मी उभ्या बायकांचे कपडे शिवले होते. त्या दिवशी मी तिला खोलीच्या मधोमध उभं केलं आणि टेप गळ्यात टाकून म्हटलं, 'आता तिथे जे काय करतेस ते सगळं इथे कर.'

केलं तिनं. एक पाय मागून वर उचलून हातात धरला आणि डोक्यामागे ताणला. दिवाळीचा आकाशकंदील अजून छताला लटकत होता. तिच्या पायाचा अंगठा त्याच्या शेपट्यांत अडकला आणि कंदील खाली. नेमके त्याच वेळी आमचे हे राईहून आले. राई म्हणजे इथला गोदामांचा भाग, तिथे गाड्यांच्या शोरूमच्या भांडारात ते काम बघतात. स्वभावानं शांत, देवरुखकडचे. दारात उभे राहून त्यांनी कंदील बघितला, एका पायावरची बल्गेरिया बघितली, आणि तिच्या कंबरेशी टेप घेऊन वाकलेल्या मला बघितलं.

'अगो,' ते म्हणाले, 'चहा मी करतो.'

तर अशी मी मापं घेतली, हात वर असताना, कंबर वळलेली असताना, श्वास सोडलेला असताना. दुसरा झगा बसला. पण त्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं.

माझ्या हाताला सवय आहे, बाजूच्या शिलाईत आत कापड जास्त सोडायची. त्याला आम्ही माया म्हणतो. बाई आज बारीक आहे, उद्या अंगानं भरेल, बाळंतीण होईल. ब्लाउज उसवून सैल करता आला पाहिजे. माया न ठेवता कापड कापणं म्हणजे मला अन्न उष्टं टाकण्यासारखं वाटतं. तिनं झगा उलटा केला आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

'हे आत काय आहे?'

'लागेल पुढे. सैल करायला.'

'पुढे कधी? मौशी, शेवटची स्पर्धा आहे. चार मिनिटं. त्यानंतर हा कपाटात जाणार. काप ते.'

'नाही कापणार.'

'कंबरेला लागतं. जड होतं.'

'मग मऊ करून देते. पण कापड कापलं की परत येत नाही. तुझी आई कापेल का, विचार.'

आईचं नाव काढल्यावर ती चिडली. बल्गेरियन भाषेत काहीतरी बोलली, जे मला कळू नये असंच असावं, आणि पर्स उचलून निघून गेली. मीही काही कमी नाही. संध्याकाळभर मशीन असं दामटलं की खालच्या मजल्यावरच्या बाईनं वर येऊन चौकशी केली. दुसऱ्या दिवशी ती आली, झगा अंगात घातला. मी माया थोडी कमी केली होती, बोटभर ठेवून शिलाई सपाट बसवली होती. तिनं गिरकी घेतली, पाय उचलला, खाली आली. 'लागत नाही,' ती म्हणाली, आणि हा विषय संपला.

खड्यांचं वेगळंच प्रकरण. तिनं मला बजावून सांगितलं होतं, की कपड्यावरचं काहीही बर्फावर पडलं, एक खडा पडला, तरी गुण कापतात. कारण दुसरी कुणी त्यावर घसरेल. मी गोंदाला हातच लावला नाही. एकेक खडा दोऱ्यानं पक्का केला आणि दातांनी ओढून बघितला. सगळं झाल्यावर माझ्या मनात आलं, की आत कुठेतरी एक काळा मणी लावावा. एवढी देखणी दिसतेय, शेकडो डोळे असणार. पण मणी पडला तर? मग मी काळ्या दोऱ्याचा एक टाका आतल्या बाजूला घातला. दोरा कुठे पडतोय!

निघायच्या दिवशी ती आमच्याकडूनच निघणार होती. शेवटचं एकदा घालून बघायचं होतं आणि संध्याकाळचं विमान. झगा बघून झाला, मी तो कव्हरच्या पिशवीत घालून दारामागच्या खुंटीला लावला. मुलीनं तिला मिठी मारली. मी तिच्या तळहातावर दही-साखर ठेवली.

तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. 'दह्यात साखर? मौशी, दही आम्ही बनवतो. मीठ, काकडी, लसूण. साखर घातली तर आमच्याकडे पोलीस येतात.'

'गप्प खा. काम फत्ते होतं.'

तिनं डोळे मिटून खाल्लं. मग म्हणाली, 'आता तू माझ्यासाठी कर.' त्यांच्याकडे कुणी मोठ्या कामाला निघालं की घरातलं माणूस त्याच्या वाटेवर पाणी ओततं, म्हणजे काम पाण्यासारखं सुरळीत वाहतं. मला आवडलं. मी भांडंभर पाणी घेतलं आणि ती उंबरठ्यावर असताना बाहेर जिन्यावर ओतलं.

'अगो, जिन्यावर?' हे आतून ओरडले.

पाणी खरंच सुरळीत वाहिलं. एकेक पायरी उतरत खालच्या मजल्यावर गेलं आणि तिथून आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा इजिप्शियन राखणदार, हातात पोछा घेऊन बोंबलत वर आला. तो मला बोलतोय, मी त्याला बोलतेय, हे मधे पडून दोघांना सॉरी म्हणतायत, आणि या गोंधळात ती खदखदून हसत, बुटांची पेटी आणि बॅग घेऊन लिफ्टमध्ये शिरली. हारिसची समजूत घालून मी आत आले, दार लावलं, आणि दारामागे झगा.

मी खिडकीकडे धावले. खाली ती टॅक्सीत बॅग ठेवत होती. माझ्या तोंडात हाक आलीच होती, तेवढ्यात ह्यांनी माझा दंड धरला.

'मागून हाक मारू नकोस!'

आता कुणीही म्हणेल, काय ही वेडी माणसं. पण कामाला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही, हे आमच्या हाडात आहे. आमच्या सासऱ्यांना एकदा लग्नाची बोलणी करायला निघताना कुणी मागून हाक मारली, तर ते घरात येऊन पाणी पिऊन, पुन्हा पहिल्यापासून निघाले होते. आणि ही तर कशाला निघालेली! मी हाताचा पंजा तोंडावर ठेवला. टॅक्सी गेली.

'आई, बाबा, जस्ट कॉल हर!' मुलगी किंचाळली.

'फोनवरची हाक मागून धरायची का पुढून?' ह्यांनी गंभीरपणे विचारलं.

'ओ माय गॉड,' मुलगी म्हणाली आणि तिनं फोन लावलाच. एंगेज. आईशी बोलत असणार. 'देवानंच राखलं,' हे म्हणाले आणि गाडीच्या चाव्या शोधायला लागले.

एअरपोर्ट रोडला संध्याकाळी काय गर्दी असते ते कुवेतमध्ये राहिलेल्यांना सांगायला नको. मी पुढे बसून झगा मांडीवर उभा धरला होता, चुरगळू नये म्हणून. मुलगी मागून फोन लावतेय, एंगेज, एंगेज. मेसेज पाठवला तर तो वाचलेलाच नाही. हे इतके शांत की मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. 'अहो, दाबा की जरा!' 'दाबतोय, गो. पण कॅमेरा आहे पुढे.' मी मनात गणपतीला म्हटलं, हिचं संगीत एकदा रिकाम्या बर्फावर वाजलंय, पुन्हा वाजू देऊ नकोस.

विमानतळावर ती दिसली. रांगेत, पाठमोरी, आमच्यापासून चार हात. मुलीनं 'कोच!' म्हणायला तोंड उघडलं आणि बापानं तिच्या तोंडावर हात ठेवला. मी पिशवी डोक्यावर धरली, दोऱ्यांच्या कठड्याखालून वाकून गेले, एका कुटुंबाच्या बॅगांच्या डोंगराला वळसा घातला, सुरक्षावाला 'मॅडम! मॅडम!' करत मागे, आणि मी रांगेच्या पुढच्या टोकाला जाऊन, तिच्या अगदी समोर उभी राहिले. धापा टाकत. घामाघूम. हातात झगा.

तिनं आधी मला बघितलं. मग पिशवी बघितली. मग आपल्या रिकाम्या खांद्याला हात लावला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. झगा विसरलाय हे तिला तेव्हा कळलं. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडताच ती मागे उभ्या माझ्या नवऱ्याला आणि मुलीला बघून हसायला लागली.

'पण तुम्ही इतके जवळ होतात! हाक का नाही मारलीत?'

'आमच्यात मागून हाक मारत नाहीत,' मी म्हटलं. 'समोरून यायचं असतं.'

सुरक्षावाल्यालाही काय समजलं कोण जाणे, पण त्यानं मला नुसतं हातानंच बाहेरचा रस्ता दाखवला.

पोचल्यावर तिनं व्हिडिओ कॉल केला. शेजारी तिची आई होती, जाड, गोरीपान, डोक्याला रुमाल. त्या माउलीनं नमस्कार-चमत्कार न करता आधी झगा उलटा केला. मला ते फार बरं वाटलं, कारण मीही तेच केलं असतं. गाठी आलेल्या बोटांनी ती बाजूची शिलाई चाचपत गेली, मायेपाशी थांबली, आणि काहीतरी बोलली. मी श्वास आत ओढून धरला होता, माझ्या त्या गिऱ्हाइकांसारखाच.

'आई म्हणतेय,' ही म्हणाली, 'ही बाई कंजूष नाही.'

तिची आई आणि मी मग बराच वेळ बोललो. ती तिच्या भाषेत, मी माझ्या, आणि दोघी कॅमेऱ्यासमोर आपापल्या सुया नाचवत. तिच्या पोरीला भाषांतर करायचं काही कामच उरलं नाही.

स्पर्धेचा दिवस शुक्रवारचा, म्हणजे इथल्या सुट्टीचा होता, म्हणून हे घरी होते. दुपारी जेवणं आटपून आम्ही तिघं लॅपटॉपसमोर बसलो. कुणीतरी एकाच कॅमेऱ्यानं दाखवत होतं, चित्र धुरकट. चिमुकल्या मुली येऊन गेल्या, हरणासारख्या उड्या मारत. मग ती आली. हिच्या अर्ध्या वयाच्या मुलींनंतर. बर्फाच्या मधोमध निळा ठिपका.

संगीत सुरू झालं. पहिली उडी झाली. मुलगी म्हणाली, 'क्लीन!' हे म्हणाले, 'म्हणजे चांगलं ना?' दुसऱ्या उडीला ती वर गेली, वळली आणि पडली. तीच दुसरी उडी. आणि नेमकं तिथे चित्र थांबलं.

ती बर्फावर बसलेली, एक हात टेकलेला, आणि चित्र हलेना. आवाज मात्र चालू. तिचं संगीत वाजतंय, पुढे पुढे जातंय, आणि समोर ती तशीच बसलेली. हे एक बटण दाबतायत, मुलगी दुसरं. मला फक्त तो रिकामा बर्फ दिसायला लागला आणि आत खोलीत बसून ऐकणारी ती.

'थांबा,' मी म्हटलं. 'कुणी काही दाबू नका. ऐका.'

रिंकच्या बाकावर शाल पांघरून मी इतकी वर्षं बसले आहे. नुसती बसून नव्हते. व्हायोलिनच्या खालून मला आवाज आला. खर्रर्र. मग थोडं शांत. मग पुन्हा, खर्रर्र, लांबलचक, वळणाचा. पात्याचा बर्फावरचा आवाज.

'उठली!' मी ओरडले. 'ती चालतेय! ऐका ना, ती आहे तिथे!'

मग आम्ही तिघं डोकी जवळ आणून, त्या थांबलेल्या चित्रापाशी कान लावून ती स्पर्धा ऐकली. एक धप्प झालं, आम्ही एकमेकांचे हात धरले. पुन्हा खर्रर्र. एकदा खण्ण असं पातं वाजलं आणि लोकांच्या टाळ्या आल्या. हे पुटपुटले, 'बरोबर उतरली असणार.' आणि अचानक चित्राला जाग आली. ती गोल गोल फिरत होती, पाय मागून वर धरलेला, निळी नेट भोवऱ्यासारखी. माझी शिलाई कंबरेशी ताणलेली, पण कुठे सुटलेली नाही. संगीत थांबलं तेव्हा ती मधोमध उभी होती. एक हात वर. छाती भात्यासारखी हलत होती. ती तशीच उभी राहिली, संगीत थांबून गेलं तरी. मला रडू आलं आणि मी ते पुसलंसुद्धा नाही. मुलगी सोफ्यावर उड्या मारत होती. हे उठून आत गेले आणि आले ते साखरेचा डबा घेऊनच. दही संपलं होतं, म्हणून आम्ही नुसती साखर खाल्ली.

नंबर खालून दुसरा आला. तिनं मेसेज केला, 'संगीत संपलं. मी होते.' खाली नाचणाऱ्या बाईची भरपूर चित्रं.

काही आठवड्यांनी ती परतली. गुलाबाच्या पाकळ्यांचा मुरांबा घेऊन आली. 'अगो, हा तर आपला गुलकंद,' म्हणून ह्यांनी बरणी ताब्यातच घेतली. मग तिनं पिशवीतून झगा काढला आणि आतल्या खोलीत जाऊन घालून आली. पाठीवरची चेन अर्ध्यावर अडकली होती.

'आईनं फार खायला घातलं,' ती म्हणाली.

'मग? आता कपाटातच ठेवायचाय ना. झाली की शेवटची.'

ती खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. हात वर केले, कंबर थोडी वळवली, आणि श्वास पूर्ण सोडला, अगदी मी शिकवलं होतं तसं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं छताकडे बघितलं, जिथे आता कंदील नव्हता.

मी चष्मा लावला, छोटी कात्री घेतली आणि झग्याची उघडी पाठ जराशी उलटवून आतून बाजूची शिलाई शोधली.

'मौशी, दोन्हीकडून सोड,' ती म्हणाली. 'पण सगळं नको. थोडं ठेव.'